अण्णांची प्रेसिडेंट: चालवायची की मांडून ठेवायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या बाई मूळच्या वाईच्या, नोकरीनिमित्त पुण्यात राहतात. त्यांचे वडील (घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत) वाईत डॉक्टर होते. अण्णांनी 1973 साली नवी कोरी प्रीमियर प्रेसिडेंट (लोकांच्या तोंडी फियाट, पुढे हिचंच नाव पद्मिनी झालं) घेतली आणि शेवटपर्यंत विकली नाही. बाई गाडी चालवायला शिकल्या त्या हिच्यावरच, स्टिअरिंगशेजारचा गियर टाकत. नव्वदच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून गावातल्या मेस्त्रीकडून अण्णांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं. जुनं इंजिन गोणपाटात गुंडाळून शेडमध्येच पडून आहे. आरसी बुकाची मुदत 2019 मध्ये संपली आणि 2023 मध्ये अण्णा गेले. वाईत राहणारे थोरले भाऊ म्हणतात, “पंधरा वर्षांवरची गाडी ठेवणं आता बेकायदा आहे, भंगारात देऊन टाकू.” एक एजंट म्हणतो, “पाऊण लाख द्या, व्हिंटेजची पाटी लावून देतो, मग कुणी हात लावणार नाही.” भाचा म्हणतो, “व्हिंटेज केली की लग्नाला भाड्याने देऊ, खर्च निघेल.” बाईंची इच्छा साधी आहे: महिन्यातून एखाद्या रविवारी आईला घेऊन मेणवलीला किंवा पसरणी घाट चढून पाचगणीला जायचं. इंजिन जाम होऊ नये म्हणून सध्या चुलतभाऊ अधूनमधून गाडी बाजारापर्यंत फिरवून आणतो. “गाडी वाचवायची असेल तर व्हिंटेज नोंदणी हाच मार्ग आहे ना?” असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर:

बाकी सगळं सावकाश बोलू, पण एक गोष्ट आजच थांबवा. चुलतभावाची बाजारफेरी. आरसीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे नोंदणी नसलेली गाडी चालवणं. त्याचा दंड काही हजारांत असतो, तो एकवेळ भरता येईल. पण आरसीच चालू नाही म्हटल्यावर विमाही चालू नसणार, असं मी धरून चालतो. उद्या बाजारात कुणा म्हाताऱ्याला धक्का लागला तर भरपाईचा दावा गाडीच्या मालकावर, म्हणजे आता वारसांवर येईल, आणि त्या रकमेला वरची मर्यादा नसते. इंजिन जाम होऊ नये एवढंच हवं असेल तर गाडी शेडमध्येच जॅकवर चढवा, बॅटरी जोडा आणि इंजिन गरम होईपर्यंत जागेवर चालू ठेवा. धूर बाहेर जाईल एवढं दार मात्र उघडं ठेवा.

आता दादांचा कायदा. पंधरा वर्षांवरची खासगी गाडी ठेवणं महाराष्ट्रात बेकायदा नाही. वीस वर्षांवरची नाही, पन्नास वर्षांवरचीही नाही. मोटार वाहन कायद्यात खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. किती वेळा वाढवायची याला मर्यादा घातलेली नाही. गावाकडे याला री-पासिंग म्हणतात आणि अण्णांनी ते 2019 पर्यंत इमानाने केलेलं दिसतं.

मग दादांच्या डोक्यात हे आलं कुठून? त्यांनी ते मनाने रचलेलं नाही. तीन वेगवेगळ्या बातम्या एकत्र झाल्या आहेत. पहिली दिल्लीची. राष्ट्रीय हरित लवादाने 2014 आणि 2015 मध्ये दिल्लीच्या हवेचा विचार करून तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मज्जाव केला, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो कायम केला आणि जुलै 2025 मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही इथपर्यंत गोष्ट गेली. लोक खवळले, काही दिवसांतच पंपावरची ती बंदी बाजूला ठेवावी लागली, आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. हे सगळं दिल्ली आणि आसपासच्या भागापुरतं आहे. दुसरी बातमी सरकारी गाड्यांची: एप्रिल 2023 पासून सरकारच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी वाढवत नाहीत. तिसरी, ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर झालेलं स्क्रॅपिंग धोरण. त्यात खासगी गाडीचा कस वयावर नाही, तपासणीवर लागतो. पुढे व्हॉट्सअॅपवर फिरता फिरता या तिन्हींचं ‘पंधरा वर्षं झाली की भंगार’ एवढंच उरलं.

उलट 1988 चा कायदा करणाऱ्यांना तुमच्यासारख्यांची आठवण होती असं म्हणायला जागा आहे. कलम 59 मध्ये केंद्र सरकारला गाड्यांचं आयुष्य ठरवण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्याच कलमात पुढे प्रदर्शन, तांत्रिक संशोधन किंवा ‘व्हिंटेज कार रॅली’साठीच्या गाड्यांना त्यातून सूट देता येईल असंही लिहून ठेवलं आहे. आपल्या मोटार कायद्यात रॅलीचा उल्लेख असेल असं फारसं कुणाच्या मनात येत नाही, पण तो आहे.

म्हणजे गाडी वाचवण्यासाठी व्हिंटेजची पाटी लागतेच, हे तुमच्या पत्रातलं गृहीत तसं उरत नाही. ती पाटी घेतली तर काय मिळतं आणि काय जातं, हे एजंटने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, व्यापारी वापर नसलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. पन्नास वर्षं पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. तुमची 1973 ची आहे, म्हणजे वयाचा प्रश्न नाही. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर करायचा, राज्याने नेमलेली समिती गाडी पाहते आणि पसंत पडली तर नोंदणी मिळते. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला फी 20,000 रुपये, आधीच नोंद असलेल्या गाडीच्या पुनर्नोंदणीला 5,000 रुपये. नोंदणी दहा वर्षं चालते. नव्याने नोंदलेल्या गाडीला ‘एमएच व्हीए’ अशा अक्षरांनी सुरू होणारा नंबर देतात, पण जुना नंबर असलेल्या गाडीला तोच ठेवता येतो. तेव्हा एजंटचा पाऊण लाख कशाचा, ते त्यालाच कागदावर लिहून द्यायला सांगा. दुसऱ्या दिवशी फोन उचलणार नाही बहुतेक.

इथपर्यंत सगळं छान आहे. मोल द्यावं लागतं ते पुढे. व्हिंटेज नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, तिथे जाणं-येणं, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरताच रस्ता मोकळा. आईला घेऊन रविवारी पाचगणीला जाणं या यादीत कुठेही बसत नाही. घाटात पोलिसाने अडवलं तर “साहेब, देखभालीसाठी चाललोय” असं सांगावं लागेल, आणि मागच्या सीटवर डबा घेऊन बसलेल्या आईकडे बघून तो हसेल.

आपल्या नियमातली ही खोट आहे असं माझं मत आहे. जर्मनीत तीस वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला नंबराच्या शेवटी ‘एच’ लावून देतात. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर माफ होतो. दोन्हीकडे मालक ती गाडी घेऊन भाजी आणायला जाऊ शकतो. जुनी गाडी मुळातच कमी चालते, तिचा धूर शहराच्या एकूण धुरात नगण्य असतो, आणि चालती गाडीच टिकते, हा हिशोब त्यांनी केला. आपण पन्नास वर्षांची अट घातली, वर गाडीला रॅलीपुरतंच बाहेर सोडलं. ज्यांच्याकडे राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस आहेत त्यांना याने काही फरक पडत नाही. त्या गाड्या तशाही ट्रेलरवरूनच फिरतात. अडचण तुमच्यासारख्यांची होते. डॉक्टरांच्या, मास्तरांच्या, बागायतदारांच्या फियाट आणि अँबॅसिडर वापरातून जपल्या गेल्या, मांडून ठेवून नव्हे.

म्हणून तुमच्या प्रश्नाआधी एक प्रश्न येतो: तुम्हाला ही गाडी चालवायची आहे की दाखवायची? पत्रात तुम्ही रॅलीचं नाव एकदाही घेतलेलं नाही. मेणवली, पाचगणी, आई, एवढंच आहे. तसं असेल तर तुम्हाला हवी आहे ती साधी नोंदणी, पाच-पाच वर्षांची, अण्णा करत होते तीच. उद्या आई थकली, तुमचाही उत्साह ओसरला आणि गाडी फक्त वर्षातून एकदा रॅलीला न्यावी असं वाटलं, तर तेव्हा व्हिंटेजचा अर्ज करा. तोवर गाडी काही तरुण होणार नाही.

साधी नोंदणी स्वस्त मात्र राहिलेली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी 10,000 रुपये केली. आधी ती 5,000 होती. त्यावर उशिरासाठी दर महिन्याला 500 रुपये, म्हणजे वर्षाला 6,000, आणि आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. भावंडांचा वाद जितका लांबेल तितका हा आकडा फुगेल. फी भरण्याआधी तो स्क्रीनवर दिसतो, तो बघून मग ठरवा. व्हिंटेजला 5,000 मध्ये दहा वर्षं आणि साध्याला 10,000 मध्ये पाच वर्षं, हे गणित विचित्र आहे खरं. शिवाय व्हिंटेज नोंदणीच्या खासगी कारला थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात पन्नास टक्के सवलत आहे. पैशाच्या बाजूने व्हिंटेजच सरस ठरते. पण ज्या गाडीत बसून कुठे जाता येत नाही तिच्यावर वाचवलेले पैसे हा मला फार मोठा लाभ वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर तसा निर्णय घ्या, त्यात चूक काही नाही.

भाच्याला मात्र नाही म्हणा. व्हिंटेज नोंदणीची पहिली अटच व्यापारी वापर नको ही आहे. आणि साध्या खासगी नोंदणीवर गाडी भाड्याने दिली तरी ती परवान्याशिवायची वाहतूक ठरते, अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करते. लग्नाच्या हंगामात फुलं लावलेल्या जुन्या फियाट रस्त्यावर दिसतात हे मलाही दिसतं. त्या पकडल्या जात नाहीत म्हणून तुमचीही पकडली जाणार नाही, या भरवशावर अण्णांची गाडी देऊ नका.

आता गोणपाटातल्या इंजिनाकडे येऊ. तुमच्या पत्रात ते एका ओळीत येतं, पण सगळं अडलं आहे ते तिथेच.

गाडीत बदल केला तर तो आरटीओच्या परवानगीने आणि आरसीवर नोंद करूनच करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा बजावलं: कंपनीने जी गाडी जशी बनवली त्या मूळ तपशिलाला धक्का लावणारा बदल चालणार नाही. पहिल्यांदा अण्णांचं आरसी बुक उघडा आणि ‘इंधन’ या रकान्यात काय आहे ते पाहा. डिझेल लिहिलेलं असेल आणि नव्या इंजिनाचा नंबर चढलेला असेल, तर मेस्त्रीने किंवा अण्णांनी काम रीतसर केलं होतं. पेट्रोल लिहिलेलं असेल (मला तसंच वाटतं, कारण त्या काळात नव्वद टक्के लोक ही नोंद करायला जातच नसत), तर मोटार वाहन निरीक्षक बॉनेट उघडताच अडवेल. आरसीवरचा इंजिन नंबर आणि समोरचा नंबर जुळणार नाही. व्हिंटेजच्या दारातही हेच होईल, कारण त्या नियमात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी बसतच नाही.

म्हणजे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात: मूळ पेट्रोल इंजिन परत बसवणं. 1089 सीसीचं ते इंजिन आहे. सिलिंडर ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळतो का ते पुसून बघा. जुळला तर समजा की निम्मं काम झालं. ते पंचवीसेक वर्षं पडून असेल तर पूर्ण खोलावं लागेल, रिंगा-बेअरिंगं बदलावी लागतील, ब्लॉक बोअर करावा लागेल. हे इंजिन कळणारे मेस्त्री अजून आहेत, पण आता बहुतेक साठीच्या पुढचे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी हे ज्ञान आणि हे सुटे भाग इतकी वर्षं जिवंत ठेवले होते. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची, आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेर तीही रस्त्यावरून गेली. नियम टॅक्सीसाठी होता, पण फटका खासगी फियाटवाल्यांना बसला. मागणी आटली आणि माल येणं कमी झालं. तेव्हा कुर्ल्यात किंवा नाना पेठेत जो भाग मिळेल तो आत्ताच घेऊन ठेवा. एक पथ्य: ब्लॉक फुटलेला निघाला आणि दुसरं इंजिन घ्यायची वेळ आली तर पावतीवर इंजिन नंबर लिहून घ्या आणि बसवण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. बिनपावतीचं स्वस्त इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस ठाण्याच्या फेऱ्या तुम्हाला पडतील.

चासी नंबराबद्दलही आत्ताच सांगून ठेवतो, कारण इथे हौशी लोक हमखास फसतात. डेंटिंग-पेंटिंगला देण्याआधी चासीवरचा पंच केलेला नंबर शोधा, ब्रशने हलक्या हाताने साफ करा, फोटो काढा आणि कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. तपासणीला तोच ठसा मागतात. गंज काढण्यासाठी सँडब्लास्टिंग करणाऱ्याला नंबराच्या जागी पट्टी लावायला सांगा. नंबर पुसट असेल तरी मेस्त्रीला तो पुन्हा ठोकू देऊ नका, चांगल्या मनाने केलेलं असलं तरी ती छेडछाड समजली जाते. पुन्हा पंच करायचा तर परवानगी घेऊनच. रंगही आरसीवर आहे तोच ठेवा, बदलायचा असेल तर नोंद करून घ्या.

आणि ही सगळी खटपट कुणी करायची? गाडी आज ना तुमची आहे, ना दादांची. कागदावर ती अण्णांचीच आहे. मालक वारला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31 भरायचा असा नियम आहे. ती मुदत गेली. उशिराची रक्कम भरावी लागेल, पण म्हणून दार बंद होत नाही. अण्णांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई, दादा आणि तुम्ही, तिघांचा सारखा हक्क आहे (आणखी भावंडं असतील तर त्यांचाही). नाव एकाचं लावायचं, बाकीच्यांनी ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. याचा दुसरा अर्थ, तुमच्या आणि आईच्या सहीशिवाय दादाही गाडी रीतसर भंगारात देऊ शकत नाहीत. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्र मालकाचे कागद बघतं. न बघणारा भंगारवाला भेटू शकतो, पण मग नोंदणी रद्द होत नाही आणि ती गाडी सरकारदप्तरी तुमच्या घरच्यांच्या गळ्यात राहते.

हे मी तुम्हाला दादांच्या अंगावर फेकण्यासाठी सांगत नाही. त्यांच्या बाजूनेही पत्र वाचून पाहिलं. तुम्ही पुण्यात आहात. शेडचे पत्रे ते बदलतात, गाडीत उंदीर झाले तर ते काढतात, शेजारी विचारतात ते त्यांना विचारतात. कायद्याचं कारण त्यांनी पुढे केलं असेल, पण खरी तक्रार कदाचित ‘हे सगळं मीच का सांभाळायचं’ अशी असेल. त्यांनी सांगितलेला कायदा चुकीचा आहे हे त्यांना पटवून तुमचं काम होणार नाही. त्याऐवजी एक कागद घेऊन बसा: गाडी तुमच्या नावावर, खर्च तुमचा, कामाला किती महिने आणि किती पैसे याची वरची हद्द, आणि शेड कधी रिकामी करणार ती तारीख. त्या हद्दीत झालं नाही तर काय, तेही लिहा. विकायची की भंगारात, ते तेव्हा ठरेल. आईला मात्र आधी विचारा. तुमच्या पत्रात सगळे बोलतात, आईचं म्हणणं कुठेच नाही.

कामाचा क्रम असा धरा. साताऱ्याच्या कार्यालयात जाऊन या नंबराची नोंद संगणकावरच्या ‘वाहन’ प्रणालीत आहे का ते पाहा. तीन अक्षरी जुन्या नंबरांच्या कित्येक गाड्या अजून जाड रजिस्टरातच आहेत. नसेल तर ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते, मूळ आरसी बुक आणि कराच्या पावत्या दाखवून. अण्णांनी जुन्या पावत्या जपल्या असतील तर त्यांची झेरॉक्स काढून मूळ प्रती घरीच ठेवा. ही नोंद झाल्याशिवाय ना नाव बदलतं, ना विमा निघतो, ना नंबरप्लेट मिळते. बॅकलॉग झाला की वारसाहक्काचा आणि नूतनीकरणाचा अर्ज एकत्र करता येईल का ते तिथेच विचारा. गाडी तपासणीला फ्लॅटबेडवर चढवून न्या, चालवत नको. इंजिनाचं काम समांतर चालू द्या, पण रंगरंगोटीवर एक रुपयाही बॅकलॉग होईपर्यंत घालू नका. चकाचक रंगवलेल्या आणि कागद नसलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

पीयूसीची फार धास्ती घेऊ नका. 2000 पूर्वीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा 3 टक्के आहे, नव्या गाड्यांचं माप तिला लावत नाहीत. कार्ब्युरेटर नीट जुळवला तर पास होते.

पेट्रोलची मात्र काळजी घ्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि 1973 च्या गाडीचे रबरी पाइप, इंधन पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची वॉशरं त्यासाठी बनलेली नाहीत. ती फुगतात, चिरतात, गळतात, आणि गळणारं पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं तर काय होतं ते सांगायला नको. इंजिन बसवतानाच इथेनॉल सोसणारे पाइप लावून घ्या, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर तेच पेट्रोल टाकीत तसंच पडू देऊ नका, कारण इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि टाकी आतून गंजते. फेब्रुवारी 2000 मध्ये देशभर पेट्रोलमधून शिसं काढलं तेव्हाही जुन्या इंजिनांचं आता संपलं असं म्हटलं गेलं होतं. मेस्त्रींनी व्हॉल्व्हच्या सीटा बदलल्या आणि गाड्या चालत राहिल्या. यावरही तोडगा निघतो आहे.

अण्णांनी रंगवून घेतलेली काळी नंबरपाटी काढावी लागेल. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे, व्हिंटेजलाही ती चुकत नाही. जुनी पाटी घरी भिंतीला लावा.

आणखी एक, पसरणी घाटाबद्दल. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि सीटबेल्ट नाहीत. आईला बसवणार असाल तर पैसा सगळ्यात आधी ब्रेकवर घाला, इंजिनाच्याही आधी. घाट उतरताना गाडी गियरवर ठेवायची, ब्रेक दाबून ठेवायचा नाही, हे अण्णांनी शिकवलं असेलच.

या निमित्ताने इतरांसाठी. पत्रं बघता हल्ली बरेच जण दिल्लीहून स्वस्तात जुनी गाडी आणायच्या विचारात आहेत. तिथल्या मालकाला ती नको झालेली असते म्हणूनच ती स्वस्त असते. सौदा करण्याआधी दोन गोष्टी बघा: तिची नोंदणी तिकडे रद्द झालेली नाही ना, आणि महाराष्ट्रासाठीची एनओसी मालकाच्या हातात आली आहे का. “एनओसी मागून पाठवतो” यावर पैसे देऊ नका. नोंदणी रद्द झालेली आणि एनओसी न मिळालेली गाडी इथे आणून पुन्हा रस्त्यावर येत नाही, मग ती सुट्या भागांच्याच किमतीची. आणि पन्नास वर्षं भरायला दोन-तीन वर्षं कमी असलेल्यांनी, तोवर आरसी संपली तर संपू दे, मग एकदम व्हिंटेज करू, असा बेत करू नये. मधल्या काळात चालू आरसी, चालू विमा आणि जुळणारे नंबर असलेली गाडी समितीपुढे सहज उभी राहते.

आणि गाडी तुमच्या नावावर होईल तेव्हा आरसीत नॉमिनीचं नाव घालता येतं, ही सोय 2021 पासून झाली आहे. त्या रकान्यात भाच्याचं नाव घालायचं की नाही हे तुम्ही ठरवा. त्याआधी त्याला स्टिअरिंगवरचा गियर टाकता येतो का ते बघून घ्या.